कायदा गावात उतरला का? बायकांच्या हक्काचे कायदे आणि धोरणं तपासताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत बचत गटांच्या बायकांसोबत बसून कायदे आणि शासन निर्णय वाचायचे, मग ते गावात कुठवर आले हे दप्तरात पाहायचं, असं काम मी बरीच वर्षं करते आहे. बैठका बहुतेक दिवेलागणीनंतर होतात, समाजमंदिरात किंवा कोणाच्या तरी छपरीत. वेचणीच्या दिवसांत तर बायका कमरेची ओटी सोडून थेट येतात. तिथं पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथं उतरवले आहेत. बायका जिथं जास्त अडतात तिथं मीही जास्त थांबले आहे.

आम्ही काय वकील आहोत? कायदा तपासायचा म्हणजे करायचं तरी काय?

वकिली लागत नाही. कायद्यानं काय द्यायचं कबूल केलंय, ते देण्याची जबाबदारी कोणत्या पदावर टाकलीय आणि आपल्या गावात ते कुठं येऊन अडलं, एवढं शोधायचं. पहिल्या दोन गोष्टी कागदावर सापडतात. तिसरी गावातच सापडते आणि ती तुमच्याइतकी कुणालाच ठाऊक नसते.

सोपं उदाहरण घ्या. २००३ साली ग्रामविकास विभागानं ‘घर दोघांचे’ हा शासन निर्णय काढला. गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावानं ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये लावायचं, असं त्यात आहे. नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीचं रजिस्टर. एका गावात आम्ही सात-आठ जणी ते उघडून बसलो. तीन पानं उलटली, बाईचं एकही नाव नाही. चौथ्या पानावर एक सापडलं, ती विधवा होती. मग बाया एकेका नावावर बोट ठेवून बोलायला लागल्या. "हे घर तं तिनंच बांधलं, गटाचं कर्ज काढून." "हिच्या बापानं टिनं देल्ली होती." त्या दिवशी वहीत दोनच आकडे लिहिले: एकूण घरं किती, दोघांच्या नावाची किती. दुसऱ्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा तेच दोन आकडे लिहिले. तपासणी अशीच करायची असते.

कायदा, धोरण आणि शासन निर्णय, हे सगळं एकच ना?

नाही. कायदा विधिमंडळ किंवा संसद करते आणि तो मोडला तर कोर्टात जाता येतं. धोरण म्हणजे सरकारनं जाहीर केलेली दिशा. महाराष्ट्रानं पहिलं महिला धोरण १९९४ साली आणलं, चौथं मार्च २०२४ मध्ये आलं. शासन निर्णय हा त्या दिशेनं खात्याला दिलेला हुकूम; तो नव्या निर्णयानं बदलतो. म्हणून तपासताना आधी विचारायचं, आपल्या हातातला कागद यातला कुठला? ‘घर दोघांचे’ पाळलं नाही म्हणून ग्रामपंचायतीला दंड होत नाही. तिथं अर्ज, ठराव आणि पाठपुरावा एवढंच हाती असतं. वारसा हक्काचं तसं नाही, तिथं दिवाणी न्यायालयाचं दार उघडं आहे.

आम्ही तपासून काय होणार? मुंबई-दिल्लीत कोण ऐकतं?

हा प्रश्न आला की मी देसाईगंजचं सांगते. वडसा म्हणा, तेच गाव. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. मार्च १९७२ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. घाबरून गप्प राहणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निकालानं मानलं होतं. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष ठरवलं. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिनं आरडाओरड केली नाही, यावर बोट ठेवलं गेलं.

पुढं काय झालं ते नीट ऐका. १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, म्हणजे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी, तो निकाल ओळीनं वाचला आणि सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात अडकलेल्या गरीब मुलीनं ओरडायचं कोणाच्या नावानं, हा त्यांचा सवाल होता. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा ठरला. अशा प्रकरणात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईनं ‘माझी संमती नव्हती’ असं कोर्टात सांगितलं, तर ते खरं धरून चालायचं, असं पुराव्याच्या कायद्यात आलं. पीडितेचं नाव छापायला बंदी आली, सुनावणी बंद दाराआड व्हायला लागली.

त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही, हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. तिच्या नावावर कायदा बदलला, तिचा निकाल तसाच राहिला. पण कायदा कुठं अपुरा आहे हे विदर्भातल्या एका ठाण्यात घडलेल्या घटनेवरून देशाला कळलं, आणि कुणीतरी निकाल बारकाईनं वाचला म्हणून कळलं.

लग्न झालेल्या मुलीला बापाच्या वावरात हिस्सा आहे का?

आहे. हिंदू वारसा कायदा ज्यांना लागू आहे, त्यांच्यात मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. हा कायदा बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू होतो.

इथं कायद्याचा इतिहासच तपासणीचा धडा आहे. महाराष्ट्रानं १९९४ सालीच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मानं हिस्सा दिला, देशाच्या कितीतरी आधी. पण त्यात एक अट होती: कायदा लागू होण्याआधी जिचं लग्न झालं, तिला तो नाही. म्हणजे तेव्हा पस्तिशी-चाळिशीत असलेल्या जवळपास सगळ्या बाया एका ओळीनं बाहेर पडल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि ती अट गेली. मग नवा वाद निघाला, त्या तारखेला बाप जिवंत असायला हवा की नको? कोर्टाकोर्टांत वेगवेगळे निकाल आले. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हक्क जन्मानं येतो, बाप तेव्हा हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत.

हे झालं कागदावरचं. गावात काय पाहायचं? तलाठ्याकडे फेरफार नोंदवही असते, म्हणजे जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली याचं रजिस्टर (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच म्हणतात). गेल्या पाच वर्षांतले वारस नोंदीचे फेरफार काढा आणि प्रत्येक मयत खातेदाराच्या किती मुली नोंदीत आल्या ते पाहा. गावाला सगळी नाती पाठ असतात, त्यामुळे कोणाची मुलगी गळली हे लगेच कळतं. आमच्या पाहण्यात मुलींची नावं आता बहुतेक चढतात. अडतं ते पुढच्या फेरफारात, हक्कसोडाच्या. वारस नोंद झाली की वर्ष-दीड वर्षाच्या आत बहिणींना तालुक्याच्या गावी बोलावलं जातं, गाडी करून नेलं जातं, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सह्या होतात, आणि वावर भावांच्या नावावर जातं.

मी एकीला विचारलं, सही काहून दिली? ती म्हणाली, "दिवाळीले कोन्या तोंडानं जाऊ ताई? माहेर तुटलं तं मंग मले कोन?" या बाईला कायदा माहीत नव्हता असं नाही. तिनं हिशोब केला होता. सासरी मारहाण झाली, नवरा गेला, आजारपण आलं तर तिला आसरा फक्त त्या एका घराचा होता, आणि हिस्सा मागून तो गमवायची तिची तयारी नव्हती. म्हणून मी हक्कसोड देणाऱ्या बाईला कधी नावं ठेवत नाही. पण तपासणी करणाऱ्यानं ते मोजलं पाहिजे: किती बहिणींनी हक्क सोडला, मोबदला दस्तात लिहिला आहे का, आणि दस्त तिला वाचून दाखवला होता का. बाईला जाण्यासारखी दुसरी जागा नसेल तर वारसा कायदा एकटा चालत नाही, हे या तीन उत्तरांतून स्वच्छ दिसतं.

आम्ही आदिवासी आहोत. आम्हालाही हाच कायदा?

थेट नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम २ मध्येच लिहिलं आहे की केंद्रानं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे गोंड, कोलाम, माडिया, कोरकू बायांच्या बाबतीत रूढी पाहिली जाते. ‘रूढीत मुलीला देत नाहीत’ असं म्हटलं की विषय संपायचा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात बाईच्या वारसांना समान हिस्सा दिला. बाईला हिस्सा नाकारणारी रूढी आहे असं म्हणणाऱ्यानं ती सिद्ध करावी. केवळ बाई म्हणून वगळणं संविधानाच्या समानतेत बसत नाही, असं त्यात म्हटलं आहे. आपल्या सीमेपलीकडचंच प्रकरण आहे, तेव्हा पेसा गावांच्या, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला जास्तीचे अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या गावांच्या, ग्रामसभांनी ते जरूर वाचून घ्यावं.

वनहक्काचं मात्र कायद्यातच पक्कं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं लग्न झालेल्या दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानंच द्यायचा आहे, आणि वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. सामूहिक हक्काचा विषय निघाला की सामूहिक वनहक्क मिळवलेल्या गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गावाचं नाव येतंच. पण तुमच्या गावात पाहायचं ते हे: पट्टा दोघांच्या नावाचा आहे, मग तेंदू किंवा बांबूच्या पैशाचा हिशोब ग्रामसभेत वाचला जातो तेव्हा बाया बसलेल्या असतात की स्वयंपाकाला गेलेल्या?

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर बाईला जी मदत मिळते, ती धोरण म्हणून कशी तपासायची?

या प्रश्नावर बैठकीत कधीकधी बराच वेळ कोणी बोलत नाही, कारण समोर तशा दोघी-तिघी बसलेल्या असतात.

यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा, हे सहा जिल्हे यासाठी देशभर ओळखले गेले. राज्याची मदत १ लाख रुपयांची: ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ती मिळण्याआधी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. जमीन त्या माणसाच्या किंवा कुटुंबाच्या नावावर आहे का, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीसमोर पाहिलं जातं.

आता हे निकष बाईच्या बाजूनं वाचून पाहा. ज्यानं दुसऱ्याचं वावर मक्त्यानं केलं, त्याच्या घरी सातबारा नाही. ज्यानं बिगर परवान्याच्या सावकाराकडून पैसे उचलले, त्याच्याकडे चिठोरा नाही. प्रकरण अपात्र ठरतं आणि मागं राहिलेली बाई आपल्या माणसाच्या मरणाला पुरावा देत फिरते. आणि शेतकरी बाईनंच जीव दिला तर? तिच्या नावावर सातबारा नाही, कर्जही नाही. पोलिसांच्या कागदात ‘गृहिणी’ लिहिलं जातं. पेरणीपासून वेचणीपर्यंत वावरात राबलेली बाई मरणानंतरही शेतकरी ठरत नाही. केंद्राच्या २००७ च्या शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या मोठी आहे, मजूर, कूळ, बाया सगळे त्यात येतात. दप्तर मात्र सातबारावरच चालतं, आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतखात्यांपैकी बायकांकडची सुमारे १४ टक्केच निघाली.

म्हणून मी या धोरणाची तपासणी मदतीच्या चेकवर थांबवत नाही. वर्षभरानं पुन्हा जायचं आणि विचारायचं: वारस नोंदीत बाईचं नाव लागलं का? नवऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत बायको, मुलं, मुली आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. सासऱ्यानं तो फोडून दिला का? तिच्या नावावर पीककर्ज मिळालं का? नाव नसेल तर बँक दारात उभी करत नाही, कापूस विकायला नेला तर सातबारा मागतात, विमा मागितला तर सातबारा मागतात. एका बाईनं मला पिशवीतून सगळे कागद काढून दाखवले होते: मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, पंचनामा, बँकेची नोटीस. प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या थैल्यांत, दोऱ्यानं बांधलेल्या. ती म्हणाली, "सगळे कागद त्याच्या नावाचे हायेत. माह्या नावाचा यकच, रेशनकार्डावरचा."

सरपंच बाई आहे, पण कारभार नवराच करतो. मग आरक्षण वाया गेलं का?

माझं मत स्पष्ट आहे: नाही. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, तेव्हा एक तृतीयांश जागा आल्या; २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. ज्या बाईला उंबऱ्याबाहेर बोलायची कधी मुभा नव्हती, तिला खुर्चीवर बसवून सहा महिन्यांत ‘जमत नाही’ म्हणणं अन्याय आहे. बाप्यांना शिकायला किती पिढ्या मिळाल्या?

पण सरपंच बाई कशी आहे यापेक्षा कायद्यानं तिच्याभोवती ज्या सोयी केल्या, त्या पाळल्या जातात का हे तपासा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा झाली पाहिजे, हे ग्रामपंचायत कायद्यात आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला आणि बालकांसाठी खर्च करायचा आहे. दोन्हीची नोंद असते.

एका गावात आम्ही महिला सभेचं रजिस्टर मागितलं. सभा झाली होती, ठराव होते, खाली पन्नासेक सह्या होत्या. सगळ्या एकाच निळ्या शाईत, आणि ‘ई’ची वेलांटी सगळीकडे सारखीच वळलेली. रजिस्टर बायांच्या हातून हातात फिरलं. एक म्हातारी दुसऱ्या बाईकडून आपलं नाव वाचून घेत म्हणाली, "मी तं अंगठा लावतो बाई, माही सही कोनं केली?" सरपंचबाई तिथंच होत्या. त्यांनी खाली मान घातली नाही. त्यांनी ग्रामसेवकाला पुढच्या सभेची तारीख सगळ्यांसमोर विचारली आणि दवंडी द्यायला लावली. त्या सभेला खऱ्या चोवीस बाया आल्या. पन्नास खोट्या सह्यांपुढं मला ते चोवीस अंगठे आणि सह्या फार मोठ्या वाटल्या.

१० टक्के निधीत काय घेतलं, तेही पाहा. शिलाई यंत्रं आणि सतरंज्याच दरवर्षी निघत असतील, तर यादी कोणाला विचारून केली हा पहिला प्रश्न.

निंदणाला बाईला कमी आणि माणसाला जास्त मजुरी. समान मजुरीचा कायदा असून असं काहून?

कायदा १९७६ पासून आहे, आता तो २०१९ च्या वेतन संहितेत घेतला आहे. तो म्हणतो, एकाच किंवा सारख्याच प्रकारच्या कामाला सारखं वेतन. आपल्याकडे काम आधीच वाटून टाकलंय: निंदण, वेचणी बाईची, डवरणी, फवारणी माणसाची. मालक म्हणतो, कामच वेगळं आहे. ओणवं राहून दिवसभर निंदण करणं हलकं आणि डवऱ्यामागं चालणं जड, हे ठरवलं कोणी? पळाटीत, म्हणजे कपाशीत, एकाच ओळीत दोघं काम करत असतील तिथं कायदा धरता येतो. बाकी ठिकाणी कामाचीच किंमत नव्यानं ठरवायला लागते, आणि ते बाया एकत्र बसून हंगामाआधी दर ठरवतात तेव्हाच होताना मी पाहिलं आहे.

दारूबंदीचा फायदा झाला की नाही, हे कसं ठरवायचं?

विदर्भाला हा प्रश्न चांगलाच ओळखीचा. वर्ध्यात १९७० च्या दशकापासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात बायांनी मोठी चळवळ करून १ एप्रिल २०१५ पासून ती आणली आणि २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. उठवताना अवैध दारू, गुन्हे, बुडालेला महसूल यांची चर्चा झाली. माझी तक्रार एवढीच की बायांनी बंदी मागितली होती ती घरातली मारहाण आणि घरातला पैसा यासाठी, आणि मोजताना ती मोजपट्टी मागं पडली. कुठलंही धोरण ज्या कारणासाठी आलं त्याच कारणावर आधी मोजलं पाहिजे. मग बाकीचं मोजा, जरूर मोजा. अवैध दारूनं गावात काय केलं हे बायाही खुलेपणानं सांगतात.

गावातलं दुकान बंद करण्याच्या ‘आडवी बाटली’ मतदानाचा नियमही असाच वाचा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, मतदानाला आलेल्यांपैकी नाही. म्हणजे जी बाई कामाला बाहेरगावी गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, ती आपोआप दुकानाच्या बाजूनं मोजली जाते. त्यामुळे मतदानाची तारीख सुगीच्या दिवसांत पडू नये, याची मागणी आधीच करा.

नवरा मारतो. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे म्हणतात, पण गावात त्याचा उपयोग होतो का?

कायदा चांगला आहे: घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, खर्च, सगळं एकाच अर्जात मागता येतं. पहिली तारीख साधारण ३ दिवसांच्या आत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असं त्यात आहे. तपासायचं ते अंतर आणि तारखा. भामरागडची बाई गडचिरोलीला जायचं म्हटलं तर दीडशे किलोमीटरच्या पुढं जाते. बाईला या कायद्याखाली अर्ज करायला मदत करणारा तुमच्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, तो गावापासून किती दूर बसतो, अर्ज दिल्यापासून पहिली तारीख किती दिवसांनी लागली, एवढं लिहून ठेवा. आणि आत्ता कोणी मार खात असेल तर तपासणी राहू द्या. १८१ किंवा ११२ लावा.

वावरात मुकादमानं त्रास दिला तर? कामाच्या जागेचा कायदा ऑफिसवाल्यांसाठीच ना?

नाही, शेतमजूर बाईलाही तो आहे. जिथं दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, साधारण ३ महिन्यांच्या आत. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा हा २०१३ चा कायदा आहे. तुमच्या जिल्ह्याच्या समितीचा पत्ता पंचायत समितीच्या फलकावर लावला आहे का, इथून सुरुवात करा.

बालविवाहाचं काय?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. गावात प्रतिबंध अधिकारी म्हणून ग्रामसेवकाला नेमलेलं आहे. पण त्याला गावातच राहायचं असतं, कर गोळा करायचा असतो, पुढाऱ्यांशी जमवून घ्यायचं असतं. त्याच्या एकट्याच्या धैर्यावर कायदा टाकणं मला बरोबर वाटत नाही. दहावीनंतर मुलीला शिकायला गाडी आहे का, हेही सोबत तपासा. जिथं गाडी नाही तिथं सोळाव्या वर्षी स्थळं येतात.

लाडकी बहीण, एसटीचं अर्धं तिकीट, यानं समानता आली का?

जुलै २०२४ पासून पात्र बाईच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये, आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसा येणं मला मोलाचं वाटतं. औषधासाठी नवऱ्याकडे हात न पसरलेली बाई मी पाहिली आहे. पण पासबुक कोणाच्या खिशात असतं, पैसे काढायला कोण जातं, आणि त्या पैशाकडे बघून नवऱ्यानं किराण्याला देणं बंद केलं का, हे विचारा. तिकिटाचंही तसंच: अर्धं झालं, पण गाडी गावात येते का? सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस शाळेच्या मुलींसाठी येते तिथल्या मुली आणि येत नाही तिथल्या मुली, यांची दहावीनंतरची नावं शेजारी शेजारी लिहून बघा.

माहिती द्यायला नकार दिला तर?

माहितीच्या अधिकारात अर्ज करा. १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘महिलांसाठी काय केलं’ असं मोघम विचारू नका, मोघमच उत्तर येईल. ‘अमुक आर्थिक वर्षात महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून झालेल्या खर्चाच्या पावत्यांच्या प्रती द्याव्यात’, असं लिहा.

तपासणीत बाप्यांना घ्यायचं का? आणि गावात भांडण झालं तर?

दप्तर वाचताना जरूर घ्या. हक्कसोड किंवा मारहाण याबद्दल बाया बोलतील तेव्हा नको. कुणाचंही नाव अहवालात लिहू नका. लहान गावात ‘एक विधवा, दोन मुली, नाल्याकाठचं घर’ एवढं लिहिलं तरी ओळख पटते, म्हणून असा तपशीलही गाळा. आकडा आणि अडलेली जागा पुरे.

लिहिलेलं सगळं घेऊन जायचं कुठं?

आधी महिला सभेत वाचा, तिथं दुरुस्त्या होतात. तिथून ठराव करून ग्रामसभेत न्या, आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का हे त्याच दिवशी सही करण्याआधी वाचून घ्या. एक प्रत ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, दप्तरात, एक पंचायत समितीत पोच घेऊन, आणि महसुलाची बाब असेल तर एक तहसीलदारांकडे. पोचेवर शिक्का आणि तारीख दोन्ही हवेत. नुसती सही आणली म्हणून आम्हाला एकदा चाळीस किलोमीटर परत जावं लागलं होतं.